सातवीत मुली उंच, दहावीत मुलगे उंच : शाळेत उंचीची तुलना नेमकी कशी करावी?

कृष्णाकाठचा_मास्तर
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात उंची व वजन वर्षातून दोनदा नोंदवले जाते. ही नोंद सहसा रकाना भरण्यापुरतीच होते आणि पुढे तिच्याकडे कोणी पाहत नाही. यंदा नववीला सांख्यिकी शिकवताना पुस्तकातल्या उदाहरणांऐवजी हीच माहिती वापरावी, असा विचार आहे.

मुलगे आणि मुली यांच्या उंचीची सरासरी इयत्तावार काढली, तेव्हा सहावी-सातवीत मुली पुढे, आठवीत दोघे जवळजवळ बरोबरीने आणि नववीपासून मुलगे झपाट्याने पुढे, असे चित्र दिसले. हे सर्वत्र असेच असते का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. माझे स्वतःचे मत असे की एका दिवशी सगळ्यांना रांगेत उभे करून कोण उंच ते पाहण्यात फारसे काही हाती लागत नाही. मूल मागच्या वर्षीपेक्षा किती वाढले, याचीच तुलना करायला हवी. वर्गात हा विषय काढताना कोणाचे मन दुखावू नये, यासाठी काय करावे हेही सुचवावे.

बालवैद्य_सोलापूर
सर, आपल्याला दिसलेले चित्र अपेक्षितच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ५ ते १९ वर्षे वयासाठी जे संदर्भ तक्ते प्रसिद्ध केले, त्यांतील मध्यक उंची (सर्वांना उंचीच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) पाहा. दहाव्या वर्षी मुलगा १३७.८ सेंमी आणि मुलगी १३८.६ सेंमी, बाराव्या वर्षी मुलगा १४९.१ आणि मुलगी १५१.२, तेराव्या वर्षी १५६.० आणि १५६.४, म्हणजे जवळपास सारखेच; आणि चौदाव्या वर्षी मुलगा १६३.२, तर मुलगी १५९.८. आपल्या सातवीतल्या बहुतेक मुलांचे वय बाराच्या आसपास असते, त्यामुळे मुली दोनेक सेंमीने पुढे दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली दोघेही वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतात. मुलींचा वाढीचा झपाटा दहाव्या वर्षाच्या आगेमागे सुरू होतो आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास तो शिखरावर असतो, तेव्हा वर्षाला आठ सेंमीहून अधिक उंची वाढू शकते. मुलांमध्ये हेच सुमारे दोन वर्षे उशिरा घडते, मात्र त्यांचा वेग थोडा अधिक, नऊ सेंमीच्या वर असतो. मुलामुलांत आणि मुलीमुलींतही यात दोन-दोन वर्षांचा फरक पडतो आणि तोही निरोगीच असतो.

रेवाकाठ
माझी मुलगी सहावीत असताना वर्गात सर्वांत उंच होती. परिपाठाच्या रांगेत शेवटी, वर्गात शेवटच्या बाकावर, स्नेहसंमेलनात समूहनृत्याच्या मागच्या ओळीत, असे सगळीकडे तिला मागेच उभे केले जाई. ती हळूहळू खांदे पाडून चालू लागली आणि मैत्रिणींशी बोलताना एक गुडघा वाकवून उभी राहू लागली, म्हणजे डोकी सारखी दिसावीत. शाळेत कोणी तिला टाकून बोलले नव्हते. रोजची रांगच तिला ते सांगत होती. हे वय मुलींसाठी किती नाजूक असते, याचा विचार सर करत आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटले.

सह्यकडा
एवढ्या खोलात जायची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न पडतो. मुलगे शेवटी उंच होतात आणि मुली थोड्या कमी राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. खाणेपिणे आणि व्यायाम नीट असला की दोघेही वाढतात. आम्ही आडव्या दांडीला लोंबकळून आणि दूध पिऊन वाढलो. आजची मुले मोबाइल घेऊन बसतात, हे खरे कारण आहे आणि चर्चा त्यावर व्हायला हवी.

त्रैराशिक
सह्यकडा, 'शेवटी उंच होतात' हे सर्वांना ठाऊक आहे, पण का, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि ते नववीच्या मुलांना वजाबाकी करून दाखवता येते. डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यातच एकोणिसाव्या वर्षाची मध्यक उंची मुलांसाठी १७६.५ आणि मुलींसाठी १६३.२ आहे, म्हणजे अंतिम फरक १३.३ सेंमी.

आता मुलींचा झपाटा सुमारे दहाव्या वर्षी आणि मुलांचा बाराव्या वर्षी सुरू होतो असे धरू. मुलगी त्या वेळी १३८.६ वर असते आणि मुलगा १४९.१ वर. म्हणजे झपाट्याआधीच मुलाच्या गाठीशी १०.५ सेंमी जास्त असतात, केवळ त्याला दोन वर्षे जास्त मिळाली म्हणून. पुढच्या दोन वर्षांत मुलगी १२.६ वाढते आणि मुलगा १४.१, हा फरक १.५ झाला. त्यानंतर एकोणिसाव्या वर्षापर्यंत मुलगी १२.० आणि मुलगा १३.३ वाढतो, हा आणखी १.३. तिन्हींची बेरीज बरोबर १३.३ येते. मुलगे मुख्यतः वेगाने वाढल्यामुळे उंच होतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात फरकाचा तीन चतुर्थांशांहून मोठा भाग उशिरा सुरुवात केल्याने पडतो. माझ्या मते या धाग्यातून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायला हवी अशी हीच गोष्ट आहे.

कृष्णाकाठचा_मास्तर
त्रैराशिक, हे गणित मी फळ्यावर जसेच्या तसे मांडणार आहे. सातवीत मागे पडलेल्या मुलाला 'तुझी वेळ अजून यायची आहे' असे नुसते सांगण्यापेक्षा ही वजाबाकी त्याने स्वतः केलेली बरी.

बालवैद्य_सोलापूर
फार सुरेख मांडणी. यामागची यंत्रणाही थोडक्यात सांगतो. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला वाढ-पट्टी म्हणू. ती जिवंत आहे तोवर हाड लांबते आणि ती पूर्ण हाडात रूपांतरित झाली की उंची थांबते. ती बंद करण्याचे काम मुली आणि मुलगे या दोघांतही प्रामुख्याने इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते. मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. १९९४ साली अशा एका २८ वर्षांच्या पुरुषाची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, ज्याच्या पेशींना इस्ट्रोजेनला प्रतिसाद देता येत नव्हता. त्याची उंची २०४ सेंमी होती आणि त्या वयातही त्याच्या वाढ-पट्ट्या पूर्ण बंद झालेल्या नव्हत्या. तोपर्यंत मुलांची वाढ थांबवण्याचे श्रेय टेस्टोस्टेरॉनला दिले जात असे.

लोंबकळण्याबद्दल सह्यकडा यांना नम्रपणे सांगतो की व्यायाम हाडांसाठी आणि स्नायूंसाठी उत्तम आहे, तो अवश्य करावा; परंतु आडव्या दांडीला लटकल्याने मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार काही काळ हलका होतो आणि जी थोडी उंची वाढलेली दिसते ती उभे राहिल्यावर पुन्हा जाते. वाढ-पट्टीवर त्याचा परिणाम होत नाही.

मैदानी_मित्र
मी क्रीडाशिक्षक आहे आणि मला या विषयाचा रोज अनुभव येतो. १४ वर्षांखालील गटाच्या निवडीला जी मुले येतात, त्यांतला एखादा मिसरूड फुटलेला, खांदे रुंदावलेला असतो आणि त्याच्याच जन्मवर्षाचा दुसरा त्याच्या छातीला लागतो. निवड कोणाची होणार हे सांगायला नको. दोन वर्षांनी तोच दुसरा मुलगा उंच होतो, पण तोवर त्याने व्हॉलीबॉल सोडलेला असतो. मुलींच्या बाबतीत उलट घडते. सातवीतली उंच मुलगी संघात येते, तिची वाढ नववीत मंदावते आणि मग 'ही काही पुढे गेली नाही' असा शेरा तिच्या वाट्याला येतो. दोघांवरही अन्याय होतो आणि त्याचे मूळ एकच आहे. आपण वय पाहतो, परिपक्वता पाहत नाही.

आणखी एक निरीक्षण. झपाटा सुरू झाल्याचे मला आधी बुटांवरून कळते. पाऊल सर्वांत आधी वाढते, मग पाय, आणि धड सर्वांत शेवटी. जूनमध्ये घेतलेले कॅनव्हासचे बूट दिवाळीलाच घट्ट झाले आणि गणवेशाची पँट घोट्याच्या वर चढली की समजावे. याच काळात खेळणारी मुले गुडघ्याच्या वाटीखाली दुखते म्हणून तक्रार करतात, तिथे हाडावर उंचवटाही येतो. तो आळस नसतो, त्यांना दोनचार आठवडे उड्या मारण्यापासून विश्रांती द्यावी आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

पाटीपेन्सिल
आमच्या वर्गातला सर्वांत बुटका मुलगा पुढे सर्वांत उंच निघाला. दहावीच्या निरोप समारंभाच्या छायाचित्रात तो मागच्या ओळीत आहे आणि सातवीच्या छायाचित्रात पाटी धरून पुढे बसला आहे. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली तर कोणी ओळखणार नाही.

आरोग्यसेविका_ताई
सर, तुलना करण्याआधी माप कसे घेतले ते तपासावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबरोबर मी अनेक शाळांतून फिरले आहे. भिंतीवर चिकटवलेली कागदी पट्टी बहुधा जमिनीपासून सुरू होत नाही. खाली फरशीची उभी पट्टी असते आणि मोजपट्टी तिच्यावरून सुरू केलेली असते. त्या पट्टीमुळे टाचाही भिंतीला नीट टेकत नाहीत.

मुलींच्या बाबतीत एक चूक हमखास होते. दोन वेण्या दुमडून लाल फितीने वर बांधलेल्या असतात किंवा वर अंबाडा असतो, आणि डोक्यावर पट्टी टेकवणारी व्यक्ती ती केसांवरच टेकवते. इतक्यात एक-दोन सेंमी सहज वाढतात, म्हणजे डॉक्टरांनी बाराव्या वर्षी सांगितलेला सगळा फरक नुसत्या केसांतूनच तयार होऊ शकतो. बूट-मोजे काढावेत, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला लागावेत, नजर समोर सरळ असावी, हनुवटी वर उचललेली नसावी. डोक्यावर हाताने फूटपट्टी धरू नये, ती तिरकी होते. सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याची काटकोनी पेटी भिंतीला टेकवून खाली आणावी.

दिवसभरात मणक्यांच्या चकत्या दबतात आणि सकाळच्या तुलनेत संध्याकाळी उंची एक सेंमीहून अधिक कमी भरू शकते. मुलांचे माप परिपाठानंतर आणि मुलींचे शेवटच्या तासाला घेतले, तर तुलना सुरुवातीलाच बिघडली.

त्रैराशिक
ताईंनी मापाचे सांगितले, मी सरासरीचे सांगतो. इयत्ता म्हणजे वय नव्हे. एकाच वर्गात जून आणि पुढच्या मे महिन्यात जन्मलेली मुले शेजारी बसतात. तेराव्या ते चौदाव्या वर्षात मुलांची मध्यक उंची ७.२ सेंमी वाढते, तेव्हा आठवीच्या एकाच तुकडीत दोन मुलांमध्ये सात सेंमीचा फरक निव्वळ जन्मतारखेमुळे असू शकतो. म्हणून इयत्तेऐवजी जन्मतारखेवरून अर्ध्या-अर्ध्या वर्षाचे गट करावेत.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. समजा, चौदा वर्षांची तीन मुले आहेत. एकाचा झपाटा ऐन भरात आहे आणि तो वर्षात ९ सेंमी वाढला, दुसऱ्याचा अजून सुरू झालेला नाही म्हणून तो ५ वाढला, तिसऱ्याचा संपत आला म्हणून २ वाढला. सरासरी साधारण ५.३ आली. वर्गात ५.३ सेंमी वाढलेला मुलगा एकही नाही! सगळ्यांची सरासरी काढून आलेख काढला की प्रत्येकाच्या आयुष्यातली ती उंच झेप आलेखात बसकी होऊन जाते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी ही गोष्ट फार पूर्वी लक्षात आणून दिली होती, आणि पुढे इंग्लंडमधील जेम्स टॅनर यांनी झपाट्याचे शिखर शून्यावर ठेवून, म्हणजे प्रत्येक मुलाची वर्षे त्याच्या स्वतःच्या शिखरापासून मोजून, हे आलेख पुन्हा मांडले.

एकाच मुलाची सलग नोंद किती बोलकी असते, यासाठी फ्रान्समधली जुनी नोंद विद्यार्थ्यांना दाखवावी. माँबेयार या गृहस्थांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत मोजत राहून लिहून ठेवली. अठराव्या शतकातल्या त्या एकट्या मुलाच्या आलेखात झपाट्याचे शिखर लख्ख दिसते, जे शेकडो मुलांच्या सरासरीत अंधूक होते.

चाफेकळी
एक प्रश्न विचारू का? आमच्याकडे पाळी सुरू झाली की 'आता हिची उंची संपली' असे सरळ सांगितले जाते. माझ्या भाचीला दहाव्या वर्षी पाळी आली आणि घरात रडारड झाली. दुसरीकडे माझ्या जावेच्या उंच मुलीसाठी 'आता पुरे, नाहीतर स्थळ मिळणार नाही' असे वडीलधारे तिच्या तोंडावर बोलतात. दोन्ही मुली ऐकून घेतात.

बालवैद्य_सोलापूर
ताई, पाळी सुरू होते तेव्हा मुलीच्या वाढीचे शिखर बहुधा सहा महिने ते वर्षभरापूर्वी होऊन गेलेले असते, त्यामुळे वेग उतरणीला लागलेला असतो. परंतु उंची लगेच थांबत नाही. त्यानंतरही साधारण पाच ते सात सेंमी वाढ होते, आणि पाळी लवकर आलेल्या मुलीत काही वेळा त्याहूनही जास्त. दहाव्या वर्षी पाळी येणे लवकरच्या बाजूला असले, तरी तेवढ्यावरून तो आजार ठरत नाही. मुलींमध्ये आठव्या वर्षापूर्वी आणि मुलांमध्ये नवव्या वर्षापूर्वी वयात येण्याची लक्षणे दिसली, तर मात्र तपासणी हवी. अशी मुले आधी वर्गात उंच दिसतात आणि वाढ-पट्ट्या लवकर बंद झाल्याने पुढे बुटकी राहू शकतात.

आई-वडिलांच्या उंचीवरून एक अंदाजही करता येतो. दोघांच्या उंचीची बेरीज करावी, मुलासाठी तीत १३ मिळवावेत, मुलीसाठी १३ वजा करावेत आणि उत्तराला दोनने भागावे. त्याच्या आजूबाजूला आठेक सेंमीची मोकळीक धरावी. उंच मुलगी आई-वडिलांच्या घरातून आलेली आपली उंची टाळू शकत नाही, हे त्या वडीलधाऱ्यांना शांतपणे सांगावे.

सह्यकडा
डॉक्टर, आपले म्हणणे मान्य करतो. पण खाण्याचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण तो खरा आहे.

सातपुडा_शाळा
सह्यकडा यांच्या या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातील आश्रमशाळेत शिकवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही मुले पुढे आमच्याच वर्गांत येऊन बसतात. कुपोषणात वयात येणेही लांबते, त्यामुळे शहरात सहावीत दिसणारे मुलींचे पुढे जाणे आमच्याकडे उशिरा दिसते. तेव्हा वर उल्लेखलेल्या आकड्यांशी आमच्या मुलांची तुलना करून 'ही कमी पडली' असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांच्या आयुष्याची पहिली दोन वर्षे कशी गेली ते पाहावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय मुलांचे तक्ते दिले आहेत, वर्गात ते लावावेत असे मी सुचवेन.

दुपारच्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदळाचा भात धरलेला आहे, मुलगा असो वा मुलगी. घरी मात्र मुलगी शेवटी जेवते. तिचा झपाटा दोन वर्षे आधी येतो, म्हणजे तिची भूकही दोन वर्षे आधी वाढते, आणि नेमकी तेव्हाच 'एवढे खाऊ नये' ही शिकवण सुरू होते. पालकसभेत मी हे दरवर्षी बोलतो.

रेवाकाठ
सातपुडा सर, हा मुद्दा मी कधीच या बाजूने पाहिला नव्हता. दहा-अकरा वर्षांच्या मुलीची भूक वाढली की घरोघरी तिच्या वजनाची चर्चा सुरू होते.

लीड्सची_सून
कोणाचे मन दुखावू नये यासाठी काय करावे, असे सरांनी विचारले होते, त्यावर इकडचा अनुभव सांगते. इंग्लंडमध्ये शासनाच्या मोजणी कार्यक्रमात मुलांची उंची आणि वजन दोनदा घेतात, चार-पाच वर्षांच्या वयात आणि पुन्हा दहा-अकराव्या वर्षी. माप आडोशाला घेतले जाते, आकडा मोठ्याने उच्चारत नाहीत आणि निकाल पालकांना कळवतात, वर्गाला नाही. आपल्याकडे एक शिक्षक माप घेतात, मोठ्याने आकडा सांगतात आणि दुसरे लिहून घेतात; त्या क्षणी सगळा वर्ग कान देऊन ऐकत असतो.

बालवैद्य_सोलापूर
खरे आहे. एक मात्र जोडतो. गुप्तता पाळताना शिक्षकांनी स्वतः ती नोंद वाचावी. वयात येण्यापूर्वी ज्या मुलाची किंवा मुलीची उंची वर्षाला चार सेंमीहूनही कमी वाढते, त्याला उपचाराची गरज असू शकते. थायरॉइडची कमतरता, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्यांचा आजार, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, यांचे पहिले लक्षण अनेकदा हेच असते. मुलगा बुटका राहिला की पालक लगेच येतात. मुलीबाबत 'तिला काय उंचीचे' म्हणून वर्षे निघून जातात. टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांतील दोष सुमारे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असतो आणि कमी उंची हे त्याचे मुख्य लक्षण आहे. वाढ-पट्ट्या बंद होण्याआधी निदान झाले तर उपचारांचा उपयोग होतो, नंतर नाही.

कृष्णाकाठचा_मास्तर
सर्वांचे आभार. आता माझी आखणी सांगतो. मापे मी आणि माझ्या सहकारी शिक्षिका सकाळीच, गुण्या वापरून, एकेकाला प्रयोगशाळेत बोलावून घेऊ. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे पाचवीपासूनचे आकडे चिठ्ठीवर मिळतील आणि तो आपल्या वाढीच्या वेगाचा आलेख घरी काढेल. वर्गात फक्त नावाविना, वयोगटानुसार मध्यक मांडला जाईल. परिपाठाची रांग उंचीनुसार न लावता हजेरीक्रमाने लावावी, असे मुख्याध्यापकांना सुचवले आहे. एकच शंका उरली आहे. जुन्या नोंदी कधी जून-फेब्रुवारी, कधी जुलै-जानेवारी अशा आहेत, मग वार्षिक वेग कसा काढावा?

त्रैराशिक
वाढलेल्या सेंमीला मधल्या महिन्यांनी भागून बाराने गुणावे. जून ते फेब्रुवारी या आठ महिन्यांत ४ सेंमी वाढ असेल, तर वेग वर्षाला ६ सेंमी. मात्र मापात अर्ध्या सेंमीची चूक दोन्ही वेळा उलट दिशेने झाली, तर ४ चे ५ होतात आणि वेग एकदम साडेसातवर जातो. म्हणून शक्य तिथे जून ते जून अशी पूर्ण वर्षाचीच जोडी घ्यावी, आणि ज्या नोंदीत उंची आधीपेक्षा कमी झालेली दिसते ती सरळ वगळावी.

आरोग्यसेविका_ताई
आणि प्रत्येकाचे माप दोनदा घ्यावे. दोन्हींत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा घ्यावे. वेणी सोडायला मुलींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, फणी आणि फीत सोबत आणायलाही सांगा.